विज्ञानाकडून ईश्वराची साक्ष मागू नये

मराठवाड्यात गावोगावी हरिनाम सप्ताह बसतात, शहरांतून व्याख्यानमाला भरतात, आणि अलीकडे या दोन्ही ठिकाणी एक विधान वारंवार कानांवर पडते. महास्फोटाचा, म्हणजे ‘बिग बँग’चा, शोध लागला, विश्वाला आरंभ आहे हे शास्त्रज्ञांनी मान्य केले, आणि आरंभ आहे म्हणजे तो करणाराही असलाच पाहिजे; तेव्हा आधुनिक विज्ञान अखेर ईश्वरापर्यंत येऊन पोचले आहे, असे ते विधान असते. कोणी कीर्तनकार ते सांगताना विष्णूच्या नाभिकमळाचा दाखला देतात, कोणी इस्लामी प्रवचनकार तोच महास्फोट कुराणातील आयतीशी जोडतात, तर कोणी ख्रिस्ती प्रचारक तो बायबलच्या पहिल्या अध्यायात दाखवतात. या साऱ्यांत सामाईक असते ते एवढेच, की कोणी एक निर्माता आहे. त्याचे नाव, त्याचे रूप, त्याची माणसाकडून असलेली अपेक्षा यांतील कशाबद्दलही महास्फोटाच्या समीकरणांतून अक्षरही निघत नाही, आणि तरीही प्रत्येक वक्ता आपल्याच देवाचा विजय झाल्याच्या समाधानाने व्यासपीठावरून उतरतो.

मी वारकरी घरात वाढलो आणि आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही अंगांनी जवळचा आहे. माझे मत स्पष्टच सांगतो. आधुनिक विज्ञान निर्मात्या ईश्वरावरील श्रद्धेला आधार देत नाही. ते तिचे खंडनही करत नाही. मात्र तिला विज्ञानाचा टेकू लावण्याचा जो खटाटोप चालला आहे, त्याने विज्ञानाचे नुकसान होते आणि श्रद्धेचे त्याहून अधिक होते. येथे ईश्वर आहे की नाही हा प्रश्न मी घेतलेला नाही. एखादा शास्त्रज्ञ आस्तिक आहे की नास्तिक, हाही नाही. विज्ञान ज्या रीतीने निष्कर्ष काढते त्या रीतीने निर्मात्याचा निष्कर्ष निघतो का, एवढाच प्रश्न घेतला आहे.

महास्फोटाच्या कल्पनेचे जनक जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९२७ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून प्रसरण पावणाऱ्या विश्वाचे चित्र मांडले, १९२९ मध्ये एडविन हबल यांची दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांची, निरीक्षणे प्रसिद्ध झाली, आणि १९३१ मध्ये लमेत्र यांनी सारे विश्व एका ‘आद्य अणू’तून विस्तारत आले असावे असे सुचवले. पुढे २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीसमोर भाषण करताना, आजचे विज्ञान ‘प्रकाश होवो’ या आदिम आज्ञेचे जणू साक्षीदार झाले आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. आपला सिद्धांत साक्षात धर्मपीठावरून गौरवला गेला याचा एखाद्या धर्मगुरूला आनंदच व्हायला हवा होता. पण लमेत्र अस्वस्थ झाले. ही सांगड चुकीची आहे असे त्यांचे ठाम मत होते, आणि पुढल्याच वर्षी रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. आपला सिद्धांत धर्म आणि तत्त्वमीमांसा यांच्या प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेर आहे, तो मानणारा माणूस जडवादी असू शकतो आणि भाविकही असू शकतो, अशी लमेत्र यांची भूमिका होती. स्वतः धर्मगुरू असलेल्या शास्त्रज्ञाने हे सांगितले, म्हणून मला त्याचे मोल अधिक वाटते.

लमेत्र असे का म्हणाले असावेत हे समजण्यासाठी महास्फोटाचा सिद्धांत नेमके काय सांगतो ते पाहावे लागते. तो सांगतो की सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी आज दिसणारे सारे विश्व अतिशय तप्त आणि दाट अवस्थेत होते व तेव्हापासून ते प्रसरण पावत, निवत आले आहे. १९६५ मध्ये आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी सारखेच येणारे जे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले, ते विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असतानाच्या उष्णतेचा अवशेष आहे, आणि त्या शोधानंतर या सिद्धांताविषयी फारशी शंका उरली नाही. मात्र ‘काहीच नव्हते आणि त्यातून सारे झाले’ असे हा सिद्धांत कुठेही म्हणत नाही. काळात मागे मागे जाऊ लागलो की घनता वाढत जाते आणि एका टप्प्यावर आइन्स्टाइनची समीकरणेच चालेनाशी होतात. त्या टप्प्याचे वर्णन करायला गुरुत्वाकर्षण आणि पुंजयांत्रिकी (अणूहूनही सूक्ष्म जगाचे नियम सांगणारी क्वांटम मेकॅनिक्स) यांना एकत्र बांधणारा सिद्धांत लागेल, आणि तो अद्याप कोणाजवळही नाही. म्हणजे वक्ते ज्याला विश्वाचा आरंभ म्हणतात, तो वस्तुतः आपल्या समीकरणांचा शेवट आहे. ती जिथे संपतात तिथे ईश्वर उभा करणे म्हणजे उद्या कोणी ती पुढे नेली की त्याला तिथून उठवण्याची आजच तरतूद करून ठेवणे होय.

याला उत्तर म्हणून काही अभ्यासू मंडळी २००३ मध्ये बोर्ड, गुथ आणि व्हिलेंकिन या भौतिकशास्त्रज्ञांनी सिद्ध केलेल्या प्रमेयाचा हवाला देतात. जे विश्व सरासरीने प्रसरणच पावत आले आहे, त्याचे प्रसरण भूतकाळात अनंतापर्यंत मागे नेता येत नाही, असे ते प्रमेय आहे. ते महत्त्वाचे आहेच. पण प्रसरणाला मागची मर्यादा असणे आणि विश्व कोणी तरी निर्माण केलेले असणे या दोन विधानांमध्ये फार मोठे अंतर आहे. त्या मर्यादेपलीकडे काय होते याबद्दल प्रमेय काहीच सांगत नाही. हार्टल आणि हॉकिंग यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात तर काळालाच अशी कड नाही, त्यामुळे ‘पहिल्या क्षणाआधी काय होते’ हा प्रश्नच उद्भवत नाही. ते प्रतिमान खरे ठरेल की नाही ते पुढे कळेल. तूर्त एवढे खरे, की कार्यकारणभावाचा आपला सारा अनुभव काळाच्या आतला आहे, आणि काळाच्याच उत्पत्तीला तो नियम लावण्याचा अधिकार आपल्याला या अनुभवाने दिलेला नाही.

जयंत नारळीकरांची आठवण येथे अपरिहार्य आहे. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी बाँडी आणि गोल्ड यांच्यासह १९४८ मध्ये स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला होता, म्हणजे विश्वाला आदी नाही आणि अंतही नाही. त्याच विचाराचे सुधारलेले रूप १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी पुढे आणले. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही, कारण निरीक्षणांची संगती महास्फोटाने अधिक चांगली लागत होती. आता कल्पना करावी की निरीक्षणे उलट बाजूला झुकली असती आणि अनादी विश्वाचा सिद्धांत मान्य झाला असता. तसे झाले असते तर पैठणच्या नाथषष्ठीला वारकरी आले नसते का? पंढरीची वाट थांबली असती का? याचे उत्तर ‘नाही’ असेल, आणि ते ‘नाही’च आहे, तर महास्फोट सिद्ध झाल्याने भाविकाच्या हाती नवे काही आले असेही म्हणता येणार नाही.

आता दुसऱ्या आणि अधिक वजनदार युक्तिवादाकडे वळतो. निसर्गातील मूलभूत स्थिरांक, म्हणजे बलांची तीव्रता किंवा कणांचे वस्तुमान यांसारख्या ठरलेल्या संख्या, अशा काही मापाचे आहेत की ते थोडेही वेगळे असते तर तारे, कार्बन, पाणी आणि जीव संभवलेच नसते. तेव्हा ते कोणी तरी हेतुपूर्वक जुळवले असले पाहिजेत. याला फाइन ट्यूनिंगचा युक्तिवाद म्हणतात. तो मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांना या विषयाचे गणित कळते त्यांनाही तो अस्वस्थ करतो, आणि महास्फोटाच्या युक्तिवादापेक्षा तो पुष्कळ प्रामाणिक आहे.

त्यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कार्बनचे. ताऱ्यांच्या पोटात हेलियमच्या तीन अणुकेंद्रकांपासून कार्बन बनतो. दोन केंद्रके जुळली की बेरिलियम तयार होते, पण ते निमिषाच्याही कितीतरी आत मोडते. त्याआधी तिसरे केंद्रक येऊन मिळाले पाहिजे. हे पुरेशा प्रमाणात घडायचे तर कार्बनच्या केंद्रकाला सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेची एक विशिष्ट पातळी असायला हवी, असे हॉइल यांनी ओळखले. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम फाउलर यांच्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा ती खरोखरच सापडली. पुढे अनेक वर्षांनी, भौतिकीच्या नियमांत एखाद्या महाबुद्धीने हात घातला असावा असे वाटते, अशा आशयाचे हॉइल यांनीच लिहिले, आणि ते वाक्य आज अनेक व्याख्यानांत ऐकवले जाते. मूळ भाकीत मात्र जीवसृष्टीसाठी केलेले नव्हते. विश्वात कार्बन विपुल आहे, तर तो ताऱ्यांत बनलाच असला पाहिजे, एवढ्या साध्या निरीक्षणावरून ते निघाले होते. जीवाशी त्याचा संबंध मागाहून जोडला गेला. नंतरच्या गणितांवरून असेही दिसून आले की ती पातळी काही प्रमाणात सरकली असती तरी कार्बन तयार होत राहिला असता.

त्याहून बिकट कोडे विश्वस्थिरांकाचे आहे. अवकाशाच्या रिकामेपणातही ऊर्जा असते, आणि ती किती असावी याचा पुंजसिद्धांतावरून केलेला सरळ अंदाज प्रत्यक्ष निरीक्षणापेक्षा इतका मोठा येतो की दोहोंतील तफावत लिहायला एकावर सुमारे १२० शून्ये द्यावी लागतात. १९८७ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग यांनी दाखवले की हा स्थिरांक एका मर्यादेपेक्षा मोठा असता तर द्रव्य एकत्र येऊन दीर्घिका बनल्याच नसत्या. १९९८ मध्ये दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे कळले तेव्हा स्थिरांकाची किंमत त्या मर्यादेच्या आतच निघाली. तो इतका लहान का आहे, हे आज कोणालाही ठाऊक नाही.

यावरून निर्माता सिद्ध होतो का? अडचण ‘शक्यता’ या संकल्पनेपाशी आहे. एखादी गोष्ट फारच दुर्मीळ आहे असे म्हणायचे तर तिच्या जागी आणखी काय काय घडू शकले असते आणि त्यांतले प्रत्येक किती वेळा घडले असते हे माहीत असावे लागते. आपल्यापुढे विश्व एकच आहे. स्थिरांक वेगळे असू शकत होते की नाही, असू शकत असतील तर कोणत्या पल्ल्यात, त्या पल्ल्यातील प्रत्येक किंमत सारखीच संभवनीय होती की काही अधिक, यांपैकी एकाचेही उत्तर आपल्याजवळ नाही. मग अमुक कोटींत एक अशी जी संख्या व्याख्यानात सांगितली जाते ती आली कुठून? ती गणिताची भाषा वापरते, पण गणिताला लागणारी सामग्री तिच्याजवळ नसते. हाच आक्षेप मी उलट बाजूलाही घेतो. विश्वे असंख्य आहेत, त्यांपैकी एखाद्यात असे स्थिरांक येणारच, असे सांगून काही नास्तिक विचारवंत हा प्रश्न मिटल्याचे जाहीर करतात. परंतु ती इतर विश्वे पाहण्याचा मार्ग सापडत नाही तोवर त्यांच्या अस्तित्वाला सिद्ध ज्ञान म्हणता येणार नाही. न दिसणारा एक निर्माता नाकारायचा आणि न दिसणारी असंख्य विश्वे मात्र मान्य करायची, हे बुद्धिप्रामाण्याला शोभत नाही. कोडे कोडे म्हणून मान्य करावे, हेच येथे विज्ञानाचे खरे वर्तन आहे.

जीवशास्त्राविषयी फार लिहीत नाही, कारण तिथला निकाल बराचसा लागलेला आहे. डोळ्यासारखा अवयव कारागिराशिवाय घडू शकत नाही या युक्तिवादाला चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये उत्तर दिले आणि त्यानंतर जीवाश्मांपासून जनुकांपर्यंत सारा पुरावा त्या उत्तराला बळकटी देत गेला. पहिला जीव कसा निर्माण झाला हे अजून उलगडलेले नाही. पण न उलगडलेल्या जागेत देव बसवण्याचा धोका एका धर्मगुरूनेच सांगून ठेवला आहे. हिटलरच्या तुरुंगात असलेले जर्मन पाद्री दीत्रिख बाँहोफर यांनी १९४४ मध्ये एका पत्रात लिहिले, की आपल्या ज्ञानातील उणिवा भरून काढण्यासाठी देवाला वापरणे चूक आहे, कारण ज्ञानाची सीमा पुढे सरकते तसा तो देव मागे मागे ढकलला जातो.

आपल्याकडे तर हा वाद त्याहून कितीतरी जुना आहे, आणि तो मराठवाड्याच्या मातीत कोरून ठेवलेला आहे. वेरुळला एकाच डोंगरात ३४ लेणी आहेत. बौद्ध, हिंदू आणि जैन. त्यांतील दोन धर्म जगाचा निर्माता ईश्वर मानतच नाहीत. कैलास लेण्याचे श्रेय ज्या राष्ट्रकूट घराण्याला दिले जाते, त्याच घराण्यातील अमोघवर्ष राजाचे गुरू आचार्य जिनसेन यांनी नवव्या शतकात निर्मात्याच्या कल्पनेवर जे आक्षेप घेतले ते आजही तितकेच धारदार आहेत: जग निर्माण होण्यापूर्वी निर्माता कुठे होता, कोणत्या साहित्यातून त्याने ते घडवले, आणि जो परिपूर्ण आहे त्याला निर्मितीची इच्छा झालीच का? वेरुळची बौद्ध लेणी ज्या सुमारास कोरली जात होती त्या सातव्या शतकातले बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मकीर्ती यांचा युक्तिवाद तर आजच्या कोणत्याही विज्ञानलेखात जसाच्या तसा ठेवता येईल. न्यायदर्शनाचे म्हणणे असे होते, आणि दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ते ‘न्यायकुसुमांजली’त पूर्णत्वाला नेले, की घट हे कार्य आहे म्हणून त्याला कुंभार हा कर्ता असतो, त्याचप्रमाणे पृथ्वी आदी पदार्थही कार्य असल्यामुळे त्यांचाही कर्ता असला पाहिजे. धर्मकीर्तींचे उत्तर आधीच तयार होते: घडा कुंभार करतो हे आपण पाहिलेले असते, म्हणून घडा दिसला की कुंभाराचे अनुमान करता येते, केवळ मातीला आकार आला म्हणून कर्ता गृहीत धरायचा झाला तर वारूळसुद्धा कुंभारानेच केले असे म्हणावे लागेल. व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचा नेहमीचा संबंध, जिथे पाहिलेली नाही तिथे अनुमान चालत नाही. विश्व तयार होताना कोणीही पाहिलेले नाही.

हे आक्षेप केवळ अवैदिकांचे होते असेही नाही. वेदांच्या प्रामाण्यासाठी सारे आयुष्य वेचणारे मीमांसक कुमारिल भट्ट यांनीही सृष्टिकर्ता नाकारला. सृष्टीपूर्वी जीवच नव्हते तर कर्त्याला करुणा कोणाची आली, असा त्यांचा प्रश्न होता. ईश्वरकृष्णाच्या सांख्यात प्रकृती आणि पुरुष आहेत, निर्माता नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त तर, ही सृष्टी कशी झाली हे परम आकाशात असलेला तिचा अध्यक्ष जाणतो, किंवा कदाचित तोही जाणत नसेल, अशा शंकेवर येऊन थांबते. निर्माता मानणे म्हणजे धर्म आणि न मानणे म्हणजे अधर्म ही समजूत आपल्या परंपरेच्या इतिहासाला धरून नाही, आणि जे व्याख्याते ‘आपल्या संस्कृतीचा सिद्धांत विज्ञानाने मान्य केला’ असे म्हणतात त्यांनी या संस्कृतीतील कोणत्या दर्शनाचा सिद्धांत, हे आधी सांगितले पाहिजे.

याच ओघात आणखी एका दाव्याचा परामर्श घेतो, कारण तो सुशिक्षितांतही फार पसरला आहे. पुराणांत ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा सांगितला आहे आणि पृथ्वीचे वय विज्ञानाने सुमारे ४५४ कोटी वर्षे ठरवले आहे. तेव्हा ऋषींना हे आधीच ठाऊक होते, असा तो दावा. आकडे जवळचे आहेत हे मान्य. पण कल्पाची संपूर्ण लांबी आणि कल्पातील आजवर गेलेला काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरोघरी पूजेच्या संकल्पात आपण श्वेतवाराह कल्प, सातवे वैवस्वत मन्वंतर आणि अठ्ठाविसावे कलियुग असे म्हणतो. त्याच हिशेबाने चालू कल्पाची आजवर सुमारे १९७ कोटी वर्षे झाली आहेत. तुलना करायची तर पृथ्वीच्या वयाशी या संख्येची करायला हवी, आणि ती अर्ध्याहूनही कमी भरते. एवढ्या प्रचंड कालखंडाची कल्पना करणाऱ्या पूर्वजांविषयी मला मनापासून आदर आहे. त्यांच्या कल्पनाशक्तीला किरणोत्सारी मापनाचे प्रमाणपत्र चिकटवल्याने तो वाढत नाही.

या साऱ्या तात्त्विक चर्चेपेक्षा वेगळ्या तऱ्हेचा एक आक्षेप आहे, आणि मराठवाड्यात राहणाऱ्याला तो टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांखाली गाडली गेली. दख्खनचा हा भूभाग स्थिर समजला जात असे. तरीही भारतीय भूपट्टाच्या आत साचलेला ताण तिथे मोकळा झाला. आता ज्यांना स्थिरांकांच्या मापात दयाळू निर्मात्याचा हात दिसतो, त्यांना मी अत्यंत गांभीर्याने विचारतो की किल्लारीच्या खालच्या खडकातला तो ताण कोणी जुळवला? भौतिकीचे नियम जर हेतुपूर्वक बसवलेले असतील तर त्या नियमांतून घडणारे सारेच त्या हेतूच्या खात्यावर जाते, सोयीचे तेवढे वेचून घेता येत नाही. ती माणसे पापाची फळे भोगत होती असे तेव्हा काही जण बोललेही होते, आणि ज्यांनी आपली लेकरे ढिगाऱ्यातून काढली त्यांच्या तोंडावर असे बोलण्याइतके क्रूर दुसरे काही नाही. भूगर्भशास्त्राने त्या दुःखाला अर्थ दिला नाही, पण दोषही दिला नाही. घर कसे बांधावे एवढे मात्र सांगितले, आणि पुनर्वसनात भूकंपरोधक घरे उभी राहिली.

यावरून विज्ञानाने ईश्वर खोटा ठरवला असे म्हणणाऱ्या मित्रांनाही थांबवणे मला आवश्यक वाटते. १९७९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक शेल्डन ग्लॅशो, अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांना विद्युतचुंबकीय आणि क्षीण बलांच्या एकीकरणासाठी मिळाले. सलाम निष्ठावान मुसलमान होते. नोबेलच्या मेजवानीतील भाषणात त्यांनी कुराणातील आयत उद्धृत केली. वाइनबर्ग पक्के नास्तिक होते आणि धर्मावर कठोर टीका करत. दोघेही स्वतंत्रपणे एकाच सिद्धांतावर पोचले आणि त्यांच्या समीकरणांत तसूभर फरक नाही. सलामांच्या श्रद्धेने त्या समीकरणांत एखादे पद वाढले नाही आणि वाइनबर्गांच्या अश्रद्धेने एखादे गळले नाही. विश्व ‘आहेच का’ या प्रश्नावर सलामांचे उत्तर वेगळे होते, वाइनबर्गांचे वेगळे. पण तो प्रश्न मोजमापाच्या कक्षेत येत नाही, आणि म्हणून विज्ञानाने त्यावर निकाल दिला असे कोणत्याही बाजूने म्हणू नये. नरेंद्र दाभोलकर अंधश्रद्धेशी आयुष्यभर लढले, तरी आपली चळवळ देवाधर्माच्या विरोधात नाही, शोषणाच्या विरोधात आहे, हे ते सतत सांगत राहिले. ती केवळ सावधगिरी नव्हती. विज्ञानाचा अधिकार कुठवर चालतो याची ती नेमकी जाण होती.

मग भाविकाने काय करावे? माझे उत्तर असे, की त्याने आपल्याच संतांकडे पाहावे. नरसीच्या नामदेवांची औंढा नागनाथची कथा मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे: कीर्तनाला आडकाठी करून त्यांना देवळाच्या मागे जायला सांगितले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. ही कथा ऐतिहासिक घटना म्हणून तपासता येणार नाही, पण ती कोणता प्रश्न विचारते ते पाहावे. विश्व कोणी घडवले, हा तिचा विषय नाही. देवाच्या दारात कोणाला उभे राहू द्यायचे, हा आहे. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळताकांडताना ज्याला सोबतीला बोलावले तो स्थिरांक जुळवणारा अभियंता नव्हता. आपेगावच्या ज्ञानदेवांनी नवव्या अध्यायाचे विवरण करताना परमात्म्याला घरात ठेवलेल्या दिव्यासारखे म्हटले आहे. घरातले व्यवहार त्याच्या उजेडात चालतात, पण दिवा कोणाला आज्ञा करत नाही आणि कोणाला अडवतही नाही. असा परमात्मा महास्फोटाच्या आधीच्या पोकळीत शोधण्याचे कारण नाही, आणि महास्फोटाचा सिद्धांत उद्या बदलला तर त्याचे काही बिघडतही नाही.

हा वाद आता केवळ व्यासपीठापुरता राहणार नाही, कारण त्याच औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे सूक्ष्म तरंग, टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी तो मोजण्याचे हे तंत्र आहे. हिंगोली, परभणी, नांदेडच्या शाळांतील मुले ती पाहायला येतील आणि ‘महास्फोटाच्या आधी काय होते’ हे नक्की विचारतील. त्या वेळी तिथल्या मार्गदर्शकाने किंवा सोबत आलेल्या गुरुजींनी ‘देव होता’ असे सांगू नये आणि ‘देव नव्हता’ असेही सांगू नये. त्यांनी त्या मुलांना २०१४ ची हकीकत सांगावी. दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ या दुर्बिणीने विश्वाच्या अगदी पहिल्या क्षणातील गुरुत्वीय लहरींचा ठसा सापडल्याचे मार्चमध्ये जाहीर केले, जगभर बातम्या झाल्या, आणि वर्ष उलटायच्या आत प्लांक उपग्रहाच्या निरीक्षणांशी ताडून पाहिल्यावर तो संकेत मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतील धुळीमुळे आला असल्याचे निष्पन्न झाले. ज्या शास्त्रज्ञांनी घोषणा केली होती तेही त्या फेरतपासणीत सहभागी होते, आणि तो ठसा शोधण्याचे काम त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.